राजाला राज्य कोणी दिले? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील कॅनोसाच्या प्रसंगावरील (1077 मध्ये जर्मनीचा राजा पोपच्या दाराशी क्षमा मागत उभा राहिला, त्या प्रसंगावरील) टिपणात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो : मध्ययुगीन युरोपात सत्ता देवाकडून येते याविषयी वाद नव्हता, वाद होता तो ती कोणाच्या हातून येते याविषयी. या वाक्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून लांब पत्रांचा सारांश दिला आहे.

प्रश्न : मध्ययुगात राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी मानला जाई, म्हणून त्याची सत्ता अमर्याद होती, असे आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे मीही तेच शिकवले. आपल्याकडे 'ना विष्णुः पृथिवीपतिः' म्हणत, तसाच तो प्रकार असावा अशी माझी समजूत आहे. आपले वाक्य तिच्याशी जुळत नाही. (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : पाठ्यपुस्तकातील त्या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. चूक आहे ती 'म्हणून' या शब्दात. प्रतिनिधी म्हटला की त्याला नेमणारा कोणीतरी आला, आणि नेमणारा आला की हिशेबही आला. मुखत्यारपत्र हाती असलेला माणूस मालकाच्या जमिनीवर मन मानेल तसे वागू शकत नाही. मध्ययुगातील बहुतेक विचारवंत राजाकडे याच नजरेने पाहत असत.

राजाची सत्ता वाढवू पाहणारे आणि तिला आवरू पाहणारे, या दोन्ही पक्षांचा आधार एकच होता. बायबलातील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल म्हणतो की देवापासून नाही असा अधिकारच नाही, आणि जो अधिकाराला आडवा येतो तो देवाच्या व्यवस्थेला आडवा येतो. राजाच्या बाजूचे पंडित हे वचन पुढे करीत. पण त्याच ठिकाणी राज्यकर्त्याला देवाचा सेवक म्हटले आहे, तोही प्रजेच्या हितासाठी नेमलेला सेवक, आणि विरोधी पंडित नेमके तेथे बोट ठेवीत. शिवाय बायबलाच्या जुन्या करारात शमुवेल या संदेष्ट्याची गोष्ट होतीच. इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हालाही राजा हवा असा हट्ट इस्राएली लोक धरतात, तेव्हा शमुवेल त्यांना बजावतो की हा राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावायला लावील, मुलींना स्वयंपाकाला नेईल, द्राक्षमळे बळकावील, धान्याचा दशमांश घेईल, आणि मग तुम्ही आक्रोश कराल. ज्या ग्रंथात राजपदाचा आरंभच अशा इशाऱ्याने होतो, त्याच्या आधारे अमर्याद राजसत्ता सिद्ध करणे सोपे नव्हते. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तर न्याय वजा केला तर राज्ये म्हणजे मोठ्या दरोडेखोरी खेरीज दुसरे काय, असा प्रश्न विचारून ठेवला होता आणि सोबत सिकंदराने पकडलेल्या चाच्याची गोष्टही सांगितली होती. समुद्रावर उपद्रव का देतोस असे विचारताच तो चाचा सिकंदराला म्हणतो : तू जगाला ज्या कारणाने देतोस त्याच कारणाने; मी लहान गलबतातून हे करतो म्हणून मला लुटारू म्हणतात, तू मोठ्या आरमारानिशी करतोस म्हणून तुला सम्राट म्हणतात.

इ. स. 494 मध्ये पोप पहिला गेलाशियस याने कॉन्स्टँटिनोपलच्या अनास्तासियस या सम्राटाला लिहिलेल्या पत्रात, हे जग मुख्यतः दोन गोष्टींनी चालते, धर्मगुरूंचा पवित्र अधिकार आणि राजाची सत्ता, असे म्हटले. त्यातही धर्मगुरूंवरचा भार जड, कारण देवाच्या दरबारात राजांविषयीही त्यांनाच उत्तर द्यावयाचे आहे. एका समाजावर दोन सत्ता, दोन्ही देवाकडून आलेल्या, आणि दोहोंची शीव कोठेच नीट आखलेली नाही, अशी ही मांडणी. पुढील हजार वर्षांचे भांडण या न आखलेल्या शिवेवरचे आहे, आणि शिवेवरची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात हे गावाकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अकराव्या शतकात ते भडकले. बिशपांची, म्हणजे धर्मप्रांतांच्या प्रमुख धर्मगुरूंची, नेमणूक कोणी करावयाची, यावरून जर्मनीचा राजा चौथा हेन्री आणि पोप सातवा ग्रेगरी यांचे बिनसले. 1075 च्या आपल्या सत्तावीस कलमांच्या टाचणात ग्रेगरीने लिहून ठेवले की पोप सम्राटाला पदच्युत करू शकतो आणि अन्यायी धन्याशी घेतलेल्या निष्ठेच्या शपथेतून प्रजेला मोकळे करू शकतो. जानेवारी 1076 मध्ये हेन्रीने त्याला पोप मानण्याचे नाकारले. आपण देवाच्या आज्ञेने राजे आहोत आणि धर्मापासून ढळल्याखेरीज देवावाचून कोणी आपला न्याय करू शकत नाही, असा त्याचा दावा होता. पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने त्याला धर्मबहिष्कृत केले. शपथेतून मोकळे होण्याची संधी जर्मन सरदारांना हवीच होती. त्यांनी हेन्रीला पोपची क्षमा मिळवण्यासाठी मुदत घातली, आणि जानेवारी 1077 मध्ये हा राजा आल्प्स ओलांडून कॅनोसाच्या किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस अनवाणी उभा राहिला. तो क्षमा मिळवून परतला, पुन्हा बहिष्कृत झाला, आणि 1084 मध्ये त्याने रोमच घेतले. ग्रेगरी 1085 मध्ये सालेर्नोला परागंदा अवस्थेत मरण पावला. एवढ्यावरून कोण जिंकले हे ठरवणे कठीण आहे.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती या भांडणात बाहेर पडलेली भाषा. 1081 मध्ये मेत्सच्या बिशपाला लिहिलेल्या पत्रात ग्रेगरी म्हणतो की राजे आणि सरदार यांचा उगम अशा लोकांपासून झाला, ज्यांना देवाची ओळख नव्हती आणि ज्यांनी गर्व, लूट, विश्वासघात व खून यांच्या बळावर, सैतानाच्या चिथावणीने, आपल्या बरोबरीच्या माणसांवर स्वामित्व गाजवू पाहिले. पोपच्या लेखणीतून उतरलेले हे वाक्य संदर्भ काढून वाचले तर कोणालाही ते सातशे वर्षांनंतरच्या एखाद्या क्रांतिकारकाचे वाटेल. (पत्रात तर्कापेक्षा संताप अधिक आहे, हेही कबूल केले पाहिजे.)

त्याच पक्षाचा मॅनेगोल्ड नावाचा आल्सासमधील लाउटनबाखचा एक धर्मगुरू याच्याही पुढे गेला. 1085 च्या सुमारास त्याने लिहिले की राजा हे स्वभावाने आलेले नाव नसून ते एका कामाचे नाव आहे. दुष्टांपासून रक्षण व्हावे म्हणून लोक एकाला आपल्यावर बसवतात. त्याने तो करार मोडला तर लोक आपोआप मोकळे होतात. दृष्टान्त म्हणून त्याने डुकरे राखायला ठेवलेला गडी घेतला. गड्याने डुकरे चारण्याऐवजी चोरली, मारली, हरवली, तर मालक त्याचा पगार अडवून त्याला अपमानाने हाकलून देणार नाही का? आणि डुकरांच्या बाबतीत जे खरे, ते माणसांच्या बाबतीत अधिकच खरे. आपल्याकडच्या सालगड्याच्या बोलीइतका साधा हा हिशेब आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : मॅनेगोल्ड लोकांसाठी लिहीत नव्हता, तो पोपसाठी लिहीत होता. राजाची सत्ता खालून आलेली दाखवली की ती आपोआप पोपच्या वरून आलेल्या सत्तेपेक्षा हलकी ठरते, हा त्यातला डाव होता. लोकांच्या संमतीची कल्पना युरोपात एवढ्या ठसठशीत रूपात पुढे आली ती धर्मगुरूंच्या सोयीसाठी.

शाळेत आपण ज्या अमर्याद दैवी राजसत्तेविषयी शिकलात, ती पुढील काळातील आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सने 1610 मध्ये पार्लमेंटपुढे, राजांना देवानेही देव म्हटले आहे, असे भाषण केले. असे बोलण्यापूर्वी मध्ययुगातल्या राजाला आपल्या बिशपाकडे एकदा वळून पाहावे लागले असते.

प्रश्न : 'राजा कायद्याच्या वर' आणि 'राजा कायद्याच्या खाली' ही दोन्ही तत्त्वे मध्ययुगातून आली असे आमच्या वर्गात सांगण्यात आले. एकाच काळात दोन्ही कशी? (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्ही एकाच ग्रंथसमूहातून आली. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात रोमन कायद्याचे जे संकलन करवले, त्याचा अभ्यास अकराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीतील बोलोन्या येथे नव्याने सुरू झाला. त्यात अल्पियन या तिसऱ्या शतकातील कायदेपंडिताची दोन वाक्ये आहेत : राजा कायद्यांपासून मोकळा आहे, आणि राजाला जे रुचले त्याला कायद्याचे बळ असते. राजदरबारांना ही वाक्ये मधासारखी लागली. पण पहिले वाक्य मुळात विवाह आणि वारसा यांच्या एका विशिष्ट कायद्यावरील टीकेतले आहे, आणि दुसऱ्याला लगेच कारण जोडलेले आहे : कारण लोकांनी आपली सगळी सत्ता एका कायद्याने त्याला दिली. म्हणजे राजाच्या मर्जीला बळ आहे, पण ते उसने आहे. मग बोलोन्याच्या वर्गांत प्रश्न निघाला की लोकांनी ती सत्ता कायमची देऊन टाकली की वापरायला दिली? खरेदीखत की भाडेपट्टा? पंडितांत दोन तट पडले, आणि अझो याच्यासारख्या नामांकित शिक्षकाने म्हटले की सुट्या माणसाने सत्ता सोडली असेल, समूह म्हणून लोकांनी ती सोडलेली नाही. याशिवाय त्याच संकलनात इ. स. 429 चा एक बादशाही हुकूम होता, ज्यात सम्राट स्वतःच म्हणतो की आपण कायद्याने बांधलेले आहोत असे सांगणे हे राज्यकर्त्याच्या प्रतिष्ठेला शोभून दिसते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञाने यावर तोड काढली : कायद्याच्या सक्तीतून राजा मोकळा आहे, कारण त्याच्यावर सक्ती करणारा त्याच्या वर कोणी नाही, पण कायद्याच्या मार्गदर्शनातून तो मोकळा नाही. तोड सुबक आहे, परंतु वकिलांचे तिने समाधान होण्यासारखे नव्हते, कारण राजाने मार्गदर्शन धुडकावले तर काय, याला तिच्यात ईश्वराच्या न्यायाखेरीज उत्तर नाही.

इंग्लंडात ते उत्तर व्यवहारातून शोधले गेले. सरंजामी व्यवस्थेत धनी आणि त्याचा माणूस हे परस्परांना शपथेने बांधलेले असत. धन्याने आपली बाजू पाळली नाही तर रीतसर निष्ठा परत घेता येई. मे 1215 मध्ये सरदारांनी राजा जॉनशी असलेली निष्ठा अशीच परत घेतली आणि 15 जून रोजी रनिमीड येथे त्याच्याकडून मॅग्ना कार्टा (म्हणजे मोठी सनद) मिळवला. आपण वर्गात त्याचे एकोणचाळिसावे कलम वाचले असेल, ज्यात देशाच्या कायद्यावाचून किंवा बरोबरीच्या लोकांच्या निवाड्यावाचून स्वतंत्र माणसाला अटक करू नये असे आहे. राजकीय विचाराच्या दृष्टीने मला एकसष्टावे कलम अधिक विलक्षण वाटते. पंचवीस सरदार निवडावेत. राजाने सनद मोडली आणि तक्रार केल्यापासून चाळीस दिवसांत चूक सुधारली नाही, तर त्यांनी सगळ्या देशाला सोबत घेऊन राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता जप्त करावी. राजा, राणी आणि मुले यांच्या अंगाला मात्र हात लावू नये. आणि चूक सुधारली की पूर्ववत आज्ञा पाळावी. राजाविरुद्ध जप्तीचा हुकूम, तोही राजाच्याच सनदेत! ते टिकणे शक्य नव्हते. 24 ऑगस्टला पोप तिसरा इनोसंट याने सगळी सनद रद्द ठरवली, कारण जॉनने 1213 मध्ये आपले राज्य पोपला अर्पण करून त्याचे मांडलिकत्व पत्करले होते आणि वरिष्ठ धन्याला न विचारता झालेला हा करार होता. 1216 मध्ये जॉनच्या मृत्यूनंतर सनद पुन्हा काढली गेली, तेव्हा एकसष्टावे कलम गाळले होते.

पुढे त्याच शतकात ब्रॅक्टन या इंग्लिश न्यायाधीशाच्या नावावर असलेल्या कायदेग्रंथात ते वाक्य आले, जे आपल्या अभ्यासात असणारच : राजा माणसाच्या खाली नसावा, पण देवाच्या आणि कायद्याच्या खाली असावा, कारण कायदाच राजाला राजा करतो. त्याच ग्रंथात, बहुधा नंतर कोणी घातलेला, आणखी एक उतारा आहे. त्याप्रमाणे राजा बेलगाम झाला तर त्याच्या दरबारातील सरदारांनी त्याला लगाम घालावा. एका नियमाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. जे सर्वांना लागू होते त्याला सर्वांची संमती हवी, हा रोमन कायद्यातला नियम अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाच्या एकापेक्षा अधिक पालकांविषयीचा होता. 1295 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने पार्लमेंटसाठी धर्मगुरूंना पाठवलेल्या बोलावण्यात तो उद्धृत केला. एडवर्डला लोकांची संमती हवी होती ती युद्धासाठी पैसे हवे होते म्हणून.

प्रश्न : राजा जॉन मॅग्ना कार्टावर पिसाच्या लेखणीने सही करत असल्याचे चित्र खरे मानावे का? (ठाणे)

उत्तर : मानू नये. सनदेवर सही झालीच नाही, राजमुद्रा लागली. 1215 च्या मूळ प्रतींपैकी चार आज उपलब्ध आहेत, दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनची आणि एक सॉल्झबरीची.

प्रश्न : राजा जुलमी निघाला तर प्रजेने काय करावे, याला या विचारवंतांचे नेमके उत्तर काय होते? जुलमी राजाला ठार मारणे त्यांना मान्य होते का? (नागपूर आणि जालना येथील दोन पत्रे)

उत्तर : एक उत्तर नव्हते, आणि ज्यांनी धीटपणे उत्तर दिले त्यांनीही पुढच्या पानावर पाऊल मागे घेतले.

जॉन ऑफ सॉल्झबरी हा इंग्लंडातील कँटरबरीच्या आर्चबिशपांचा चिटणीस. 1159 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या 'पोलिक्रॅटिकस' या ग्रंथात त्याने राज्याला देहाची उपमा दिली : राजा मस्तक, मंत्रिमंडळ हृदय, न्यायाधीश आणि प्रांताधिकारी डोळे, कान व जीभ, सैनिक व कारभारी हात, खजिनदार पोट व आतडी, आणि शेतकरी व कारागीर पाय. देहाचा आत्मा म्हणजे धर्मगुरू. आतड्यांनी फार साठवले आणि धरून ठेवले तर सगळ्या देहाला रोग होतो, हे खजिनदारांविषयीचे त्याचे निरीक्षण आजही कोणी खोडून काढलेले नाही. कायद्याने राज्य करणारा तो राजा आणि कायदा मोडून राज्य करणारा तो जुलमी, अशी व्याख्या करून तो म्हणतो की जुलमी सत्ताधीशाला मारणे केवळ क्षम्य नाही, न्याय्य आहे. मग अटी येतात. विष घालू नये. ज्याने निष्ठेची शपथ घेतली आहे त्याने मारू नये. आणि सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे देवाने ही पीडा दूर करावी अशी प्रार्थना. शपथ न घेतलेला माणूस त्या काळी राजाच्या आसपास सापडणे दुर्मीळच, तेव्हा परवानगीत उरले काय, असा प्रश्न पडतो. याच लेखकाने पुढे 29 डिसेंबर 1170 रोजी कँटरबरीच्या चर्चमध्ये आपला धनी, आर्चबिशप टॉमस बेकेट, याच्या हत्येचा दिवस पाहिला.

अक्वायनसने सायप्रसच्या राजासाठी लिहिलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली आहे. सिराक्यूजचे सगळे लोक जुलमी डायोनिसियसच्या मरणाची वाट पाहत असताना एक म्हातारी त्याच्या दीर्घायुष्यासाठी रोज प्रार्थना करीत असे. त्याने तिला कारण विचारले. ती म्हणाली : मी मुलगी होते तेव्हा एक जुलमी होता, तो मरावा असे मला वाटे, तो मारला गेला आणि त्याहून कठोर आला, त्याचाही शेवट व्हावा असे वाटले, तिसरा तू, त्या दोघांहून वाईट, तू गेलास तर तुझ्याहून वाईट येईल. अक्वायनसचा निष्कर्ष असा की सौम्य जुलूम काही काळ सोसावा. असह्य झाला तर कोणा एकाने स्वतःच्या मताने शस्त्र उचलू नये, सार्वजनिक अधिकाराने पाऊल उचलावे. राजा नेमण्याचा हक्क ज्या लोकांचा आहे, त्यांनी त्याला काढले किंवा त्याची सत्ता आखडली तर तो विश्वासघात नाही, त्यांनी आधी कायम निष्ठेचे वचन दिले असले तरीही. दुसऱ्या ठिकाणी तो म्हणतो की फितुरी जुलमी राजाच करतो, कारण प्रजेत फूट पाडतो तो. चौदाव्या शतकात बार्तोलस या कायदेपंडिताने यात एक उपयोगी भेद पक्का केला : हक्क नसताना गादी बळकावणारा जुलमी वेगळा, आणि हक्काने बसून वाईट वागणारा जुलमी वेगळा.

या चर्चेचा रक्ताशी संबंध आला तो पॅरिसमध्ये. नोव्हेंबर 1407 मध्ये फ्रान्सच्या राजाचा भाऊ, ऑर्लेआँचा ड्यूक, याचा भर रस्त्यात खून झाला. खून करवणारा बर्गंडीचा ड्यूक जॉन हा त्याचा चुलतभाऊ. मार्च 1408 मध्ये जॉन पती या धर्मशास्त्रज्ञाने बर्गंडीच्या वतीने तासन्‌तास व्याख्यान देऊन हा जुलमी माणसाचा धर्म्य वध होता असे प्रतिपादन केले. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जॉन गेर्सन याने ते प्रतिपादन चर्चपुढे ओढले, आणि 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्स येथील चर्चच्या परिषदेने, कोणाही प्रजाजनाने, कपटाने आणि शपथ मोडूनही, जुलमी राजाला मारावे हे मत पाखंड ठरवले. त्याच दिवशी त्याच गावात यान हुस या बोहेमियातील धर्मसुधारकाला पाखंडी म्हणून जिवंत जाळण्यात आले. बर्गंडीचा जॉन 1419 मध्ये मोंतरोच्या पुलावर बोलणी करायला गेला असता मारला गेला.

प्रश्न : पादुआचा मार्सिलियस हा लोकशाहीचा खरा जनक, असे एका व्याख्यानात ऐकले. हे कितपत बरोबर? (कोल्हापूर)

उत्तर : जनक ठरवण्याची हौस आपण आवरावी असे मी सुचवीन, पण मार्सिलियस हा चौदाव्या शतकातील इटालियन विचारवंत वाचण्याजोगा आहे यात शंका नाही. 1260 च्या सुमारास ॲरिस्टॉटलचे 'राजनीती' लॅटिनमध्ये आले, तोवर राज्य ही पतित माणसाच्या पापावरची मलमपट्टी आहे असे ऑगस्टीनच्या वळणाने मानले जाई. ॲरिस्टॉटल म्हणत होता की माणूस स्वभावतःच नगरात राहणारा प्राणी आहे. म्हणजे राज्य मुळातच नैसर्गिक ठरले आणि त्याचे समर्थन करायला चर्च लागेनासे झाले. मार्सिलियसने हा धागा ताणता येईल तितका ताणला.

24 जून 1324 रोजी पूर्ण केलेल्या 'शांततेचा रक्षक' या ग्रंथात तो म्हणतो की कायदा करण्याचा अधिकार लोकांचा, म्हणजे सर्व नागरिकांचा किंवा त्यांतील वजनदार भागाचा आहे. राज्यकर्ता त्यांनी नेमलेला अंमलदार आहे. आणि तो कायदा मोडील तर त्याला सुधारण्याचा, वेळ पडल्यास काढण्याचा अधिकारही त्यांचाच. स्वतः केलेला कायदा माणूस अधिक चांगला पाळतो, हे त्याचे कारणही पटणारे आहे. परंतु 'वजनदार भाग' मोजताना संख्येबरोबर दर्जाही धरावयाचा आहे, आणि बायका, मुले, गुलाम व परके यांना नागरिकांतून वगळले आहे. शिवाय ग्रंथाचा खरा रोख राजांवर नाही. इटलीतील कलहाचे मूळ पोपने केलेल्या सर्वाधिकाराच्या दाव्यात आहे आणि धर्मगुरूंना कोणतीही सक्तीची सत्ता नाही, हे सिद्ध करण्यासाठी तो लिहिला गेला. मॅनेगोल्डने राजाला खाली ओढण्यासाठी लोकांना पुढे केले होते. अडीचशे वर्षांनी मार्सिलियसने पोपला खाली ओढण्यासाठी तेच केले.

1326 मध्ये लेखकत्व उघड झाल्यावर तो पॅरिसहून पोपशी भांडत असलेला जर्मनीचा राजा, बव्हेरियाचा लुडविग, याच्या आश्रयाला पळाला आणि पुढच्या वर्षी पोप बाविसावा जॉन याने त्याला पाखंडी ठरवले. जानेवारी 1328 मध्ये लुडविगला रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट रोमन जनतेच्या नावाने, स्क्यारा कोलोना या सरदाराच्या हातून मिळाला. सिद्धान्त प्रत्यक्षात आल्यासारखे वाटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुडविगला रोम सोडून निघावे लागले.

प्रश्न : पोपने अर्धे जग पोर्तुगालला देऊन टाकले असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ख्रिस्ती नसलेल्या राजांना राज्य करण्याचा हक्कच नाही असे मध्ययुगीन विचार मानत होता का? (म्हापसा)

उत्तर : यावर तेराव्या शतकातच गुरुशिष्यांत मतभेद झाला होता, आणि तो गोव्यापर्यंत पोहोचला म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पोप चौथा इनोसंट (कारकीर्द 1243 ते 1254) हा स्वतः मुरलेला कायदेपंडित होता. त्याने लिहिले की मालकी आणि राज्याधिकार हे देवाने सगळ्या माणसांसाठी निर्माण केले, केवळ श्रद्धावंतांसाठी नाही. म्हणून अश्रद्धांची राज्ये ते अश्रद्ध आहेत एवढ्याच कारणाने हिरावून घेता येणार नाहीत. पण त्याच दमात त्याने दोन दारे उघडी ठेवली : निसर्गधर्म मोडला तर पोप त्यांना शिक्षा करू शकतो, आणि धर्मप्रचारकांना अडवले तर बळ वापरता येते. होस्टिएन्सिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्याच शिष्याने तर अश्रद्धांचा हा हक्कच मानला नाही. ख्रिस्त आल्याबरोबर सगळे स्वामित्व अश्रद्धांकडून श्रद्धावंतांकडे गेले, असे त्याचे मत होते.

याच इनोसंटने 1245 मध्ये मंगोलांच्या खानाकडे दूत पाठवून ख्रिस्ती देशांवरचे हल्ले थांबवावेत आणि बाप्तिस्मा घ्यावा असे कळवले होते. गुयुक खानाचे 1246 चे फार्सी उत्तर व्हॅटिकनमध्ये जपलेले आहे. त्यात खान म्हणतो की सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या सगळ्या भूमी देवाच्या सामर्थ्याने आम्हाला मिळाल्या आहेत, देवाच्या आज्ञेवाचून असे कोणाला कसे जमले असते, तेव्हा तुम्हीच सगळ्या राजांना घेऊन आमच्या सेवेस हजर व्हा. सत्ता देवाची, हा सिद्धान्त एकट्या रोमला पाठ होता असे नाही.

कॉन्स्टन्सच्या परिषदेत पोलंडच्या बाजूने आलेल्या पावेल व्लोदकोविच या कायदेपंडिताने ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या, लुटीविरुद्ध इनोसंटचाच आधार घेतला. पोर्तुगालच्या बाबतीत मात्र तो आधार कामाला आला नाही. 8 जानेवारी 1455 च्या फर्मानाने पोप पाचवा निकोलस याने आफ्रिकेच्या किनाऱ्याकडील जिंकलेल्या व जिंकावयाच्या मुलखांवरील पोर्तुगालच्या राजाचा हक्क मान्य केला. 'अर्धे जग' हा भाग पुढचा आहे : 1494 चा तोर्देसियासचा तह पोर्तुगाल आणि स्पेनमधील कास्तील यांनी आपसांत केला, आणि पोपच्या 1493 च्या फर्मानातील रेषा त्यात पश्चिमेकडे सरकवली. पोपने दिलेल्या हक्कांतूनच पाद्रुआदो, म्हणजे चर्चची व्यवस्था आणि नेमणुका राजाकडे असण्याची पद्धत, वाढली. 1510 मध्ये गोवा आदिलशाहीकडून घेतला गेला आणि 1534 मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तो या पद्धतीखाली. बिशप कोणी नेमायचा यावरून हेन्री कॅनोसाला बर्फात उभा राहिला होता. लिस्बनच्या राजाला तो अधिकार पोपने आपण होऊन दिला.

प्रश्न : 'आम्ही, जे प्रत्येकी तुझ्याइतकेच आहोत आणि मिळून तुझ्याहून मोठे आहोत, तुला राजा करतो, आमचे हक्क राखशील तर, नाहीतर नाही,' ही स्पेनमधील आरागॉनच्या सरदारांची शपथ मला एका निरोपातून आली. खरी आहे का? (टोरांटोतील एक वाचक)

उत्तर : शब्द सुंदर आहेत, पण मध्ययुगीन नाहीत; ही शपथ सोळाव्या शतकातील लेखनात प्रथम दिसते आणि तेव्हाच्या वादांसाठी रचलेली आहे. आरागॉनची खरी कागदपत्रे मात्र तिच्याहून मवाळ नव्हती. 1287 मध्ये तिसऱ्या आल्फोन्सोने सरदारांच्या संघाला एक सनद दिली, जिच्यात राजाने शब्द मोडल्यास त्यांनी दुसरा राजा निवडावा असे लिहून दिले होते. 1348 मध्ये चौथ्या पेद्रोने एपिला येथे त्या संघाचा पराभव केला आणि ती सनद आपल्या खंजिराने फाडली, अशी आख्यायिका आहे. कॅटलान लोक त्याला आजही खंजीरवाला पेरे म्हणतात.